खुणेचं अंडं

त्या साली पाऊस घाईत असलेल्या पाहुण्यासारखा आला. दारात टेकला, दोन शब्द बोलला आणि उठून गेला. मग उन्हाने जमिनीचा ताबा घेतला. कांद्याच्या वाफ्यांत भेगा पडल्या. आधी त्यांत बोट जायचं, नंतर हात जायला लागला. विहिरीचा दोर वाढवावा लागला, मग पुन्हा वाढवावा लागला. आणि गावातल्या कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलं. त्यांचंही बरोबर होतं. दाणा नाही, पाणी नाही, किडा-मुंगी खोल दडलेली. रिकाम्या पोटी कोण कुणाला काय देणार?

थोरलीच्या कोंबड्यांनीही हात वर केले होते. तरी तिच्या घरात अंडी होती. कशी होती, ते तिला ठाऊक होतं, आणि देवाला. निदान तिला तसं वाटत होतं.

घर पूर्वी एकच होतं. दोघा भावांनी वाटणी केली तेव्हा अंगणातून छातीइतकी मातीची भिंत घातली. बैलांची जोडी होती, ती फुटली. एक बैल थोरल्याकडे, एक धाकट्याकडे. एका बैलाने नांगर चालत नाही, म्हणून नांगरटीच्या दिवसांत दोघे भाऊ मुकाट्याने बैल एकत्र जुंपत, आणि बैल एकमेकांची मान चाटत. बोलत नव्हत्या त्या फक्त बायका. कारण सांगायला लाज वाटावी असं होतं. सगळी भांडी वाटून झाल्यावर पिठाची एक चाळणी उरली. थोरली म्हणाली, माझ्या आईने दिलेली. धाकटी म्हणाली, माझ्या. सासूने ती उचलून आपल्या खाटेखाली ढकलली आणि म्हणाली, "आता दोघी हाताने चाळा." तेव्हापासून थोरली आणि धाकटी जे काही बोलायचं ते सासूला सांगत. सासूला एका कानाने ऐकू येत नसे, आणि खाट कशीही टाकली तरी भिंतीकडे तिचा तोच कान असे. त्यामुळे निम्मी भांडणं वाटेतच विझत.

भिंत घालताना गवंड्याने विचारलं होतं, पाण्याला वाट कुठून ठेवू? दोघी चाळणीत गुंतलेल्या. मग त्याने आपल्याच मनाने तळाशी एक भोक ठेवलं. त्या भोकातून धाकटीची कोंबडी येऊ लागली.

तपकिरी रंगाची, एका पायाने अधू. सगळे तिला लंगडी म्हणत. कोंबडीला वाटणी कळत नाही. तिला सावली कळते आणि मऊ जागा कळते, आणि त्या उन्हाळ्यात दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी होत्या: थोरलीच्या वैरणीच्या गंजीत, मागच्या कोपऱ्यात. थोरली वैरण काढायला गेली तेव्हा हाताला ऊब लागली. बघते तर अंडं. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. भिंतीपलीकडे धाकटी भांडी घासत होती. थोरलीने अंडं पदरात घेतलं.

पहिलं अंडं नकळत घेतलं असं म्हणता येईल. पण कोंबडी पाळणारी कुठलीही बाई सांगेल, घरट्यातली सगळी अंडी उचलली की कोंबडी जागा बदलते. एक मागे ठेवावं लागतं. त्याला खुणेचं अंडं म्हणतात. ते बघून कोंबडीला वाटतं, जागा सुखरूप आहे, आणि ती तिथेच बसत राहते. थोरलीने दुसऱ्या अंड्याला चुलीतल्या कोळशाने फुली मारली, म्हणजे जुनं आणि ताजं यांची गल्लत होऊ नये, आणि ते गंजीत ठेवून दिलं. ती फुली मारताना तिचा हात जरासुद्धा थरथरला नाही. पुढे तिला त्याचंच सगळ्यात वाईट वाटलं.

तिने ती अंडी एकटीने खाल्ली नाहीत. तशी ती हावरट नव्हती. नवऱ्याला वाढली, सासूला वाढली. आणि रविवारी देवळात नेली.

*

त्यांचं देऊळ लहान होतं. पांढऱ्या चुन्याच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, त्यावर लाकडी क्रूस, दाराशी घंटा. घंटा थोरलीचा नवरा वाजवायचा, म्हणून गाव त्याला घंटावाला म्हणे. घंटेशिवाय तो फारसा आवाज करत नसे. देवळात ज्याच्याजवळ पैसा नसेल तो जिन्नस द्यायचा: भोपळा, मूठभर शेंगा, दूध. उपासना संपली की त्या वस्तू अंगणात विकायच्या आणि पैसे देवळाच्या पेटीत टाकायचे. त्या साली दानाची टोपली वेदीपाशी उघडी-बोडकी बसून असे. कुणी दोन सुकलेले कांदे ठेवायचं, कुणी नुसतंच जवळ जाऊन परत यायचं.

थोरली उठली आणि तिने पदराखालून अंडी काढून टोपलीत ठेवली. बायकांच्या बाजूने "अगं बाई" असा आवाज आला.

पाळकसाहेब साधा माणूस. सायकलवरून चार गावं करायचे आणि निम्मा वेळ सायकल हाताने ढकलत चालायचे. त्यांनी चष्मा सारखा केला. "बघा," ते म्हणाले, "ज्याच्याकडे भरपूर आहे तो देतो, त्यात काय मोठं? या बाईंनी टंचाईतून दिलं. देवाला असं दान आवडतं."

सगळ्या माना वळल्या. थोरलीने मान खाली घातली. लोकांना वाटलं, किती नम्र!

खरं तर तिला काहीतरी टोचलं होतं. डोळ्यात कुसळ जातं तसं; दिसत नाही, सलत राहतं. ती स्वतःला म्हणाली, उकडतंय म्हणून होत असेल.

मग अंगणात विक्री झाली. कांदे गेले. शेंगा गेल्या. अंडी पुढे आली तशी गर्दीतून धाकटी सरकत आली. तिची पोर तापातून उठली होती. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढाव्यात इतकी वाळली होती. धाकटीने कमरेची गाठ सोडली, नाणी काढली, कुणी जास्त बोली बोलतंय का म्हणून घाबरून आजूबाजूला पाहिलं, आणि स्वतःच्या कोंबडीची अंडी विकत घेतली. ती पदरात इतकी जपून धरली की जणू चालताना श्वाससुद्धा लागता कामा नये.

जाताना थोरलीच्या अंगावरून गेली. थांबली. दोन वर्षांत पहिल्यांदा तोंडाकडे बघून बोलली. "पोरीला होतील," एवढंच म्हणाली. मग आपण बोललो हे लक्षात आल्यासारखी भराभर चालू लागली.

*

सोमवारी थोरली कांद्याच्या वाफ्यात खुरपत होती. तणसुद्धा उगवत नव्हतं, पण जमिनीचा कडक पापुद्रा मोडावा लागे, नाहीतर शिंपलेलं पाणी वरच्या वर वाहून जाई. खुरपं दगडावर मारल्यासारखं वाजत होतं. तिच्या अंगठ्याच्या बुडाला फोड आला, फुटला, त्यात माती गेली. ती मनातल्या मनात देवाशी भांडत होती.

"प्रभू, माझ्या गंजीत पडलेलं माझंच ना? मी काय तिच्या खुराड्यात हात घातला?"

खुरपं वाजलं.

"आणि मी खाल्ली का सगळी? तुझ्याच घरी आणली. तुला दिली."

खुरपं वाजलं.

"पैसे तुझ्या पेटीत पडले. माझ्या नाही."

देवाची एक वाईट खोड आहे. भांडायला गेलं की गप्प बसतो. सासू गप्प बसली तर माणूस जिंकतो. देव गप्प बसला की आपलंच बोलणं आपल्याला ऐकू यायला लागतं. थोरलीने स्वतःचं बोलणं ऐकलं आणि तिला त्यात बाजारातल्या दलालाचा सूर लागला. ती उठली, कंबर चोळली आणि उगाचच पाणी प्यायला गेली.

संध्याकाळी भिंतीपलीकडून धाकटीचा आवाज आला. सासूला सांगत होती, म्हणजे थोरलीला.

"आई, लंगडी काही अंडी द्यायची नाही आता. दाणा फुकट खातेय. शनिवारी कापते. पोरीच्या पोटात तेवढंच कढण जाईल."

"काय म्हणतेस? शनिवारी पाहुणे?" सासूने विचारलं.

"कापते म्हटलं! लंगडीला!"

"तिचं काय चुकलं?"

थोरली चुलीपुढे बसली होती. तिच्या हातातला घास हातातच राहिला. घंटावाल्याने तिच्याकडे पाहिलं, तिच्या ताटाकडे पाहिलं, आणि तो पुन्हा जेवू लागला.

*

थोरलीला उपाय सापडला. माणसाला कबूल करायचं नसलं की उपाय भराभर सापडतात. रोजचं अंडं उचलायचं आणि गुपचूप धाकटीच्या खुराड्यात ठेवायचं. कोंबडी वाचेल, पोरीला अंडी मिळतील, देवाचं समाधान होईल आणि कुणाला काही कळायचं नाही. तिला वाटलं, हे देवानेच सुचवलं. खरं तर देवाला एवढ्या खटपटी सुचत नाहीत.

भर दुपारी, सगळे आडवे झाले तेव्हा, ती भिंतीला पोट टेकवून वाकली. खुराडं पलीकडे भिंतीला लागूनच होतं. चौपन्न वर्षांचं शरीर भिंतीवर वाळत घातलेल्या गोधडीसारखं लोंबकळू लागलं. पाय जमिनीवरून सुटले. मातीचा पापुद्रा छातीखाली चुरला. एका हाताने खुराड्याची कडी काढली, दुसऱ्याने अंडं आत सारलं.

"मोठी आई, काय करतेस?"

धाकटीची पोर उंबऱ्यावर बसली होती. गुडघे पोटाशी, डोळे चेहऱ्यापेक्षा मोठे.

"काही नाही गं. खुराड्याची कडी निसटली होती. लावली."

"तू लटकलीस."

"लटकले, खरं आहे. कुणाला सांगू नकोस, हसतील."

"तुझे पाय वर होते."

"झोप जा गं सोने, ऊन लागेल."

थोरली मागे सरकली आणि धपकन आपल्या बाजूला पडली. कोपर सोललं. अंड्यांत एक खोटं मिसळलं होतं, एवढीच काय ती दुपारची कमाई.

पोर कसली सांगायची राहते? तापातून उठलेल्या पोराला दिवसभर दुसरं काय असतं! धाकटी उठल्याबरोबर तिने मोठी आई कशी लटकली होती ते हात-पाय हलवून दाखवलं. धाकटीने खुराडं उघडलं. आत एकच अंडं. तिने विचार केला आणि तिला वाटलं, तिला सगळं कळलं.

*

दुसऱ्या दिवशी विहिरीवर गर्दी होती. पाणी तळाला गेलेलं, बादली अर्धी गढूळ यायची, आणि रांगेत उभं राहून बायकांची डोकी तापायची. थोरली दोर ओढत होती. मागून धाकटीचा आवाज आला. या वेळी मध्ये सासू नव्हती.

"माझ्या खुराड्यात हात घालतात लोक. भर दुपारी. आणि मी म्हणते, कोंबडी अंडी का देत नाही!"

दोर थोरलीच्या तळहातांतून सर्रकन घसरला आणि फोड पुन्हा फुटला.

"कुणाचा हात?" कुणीतरी विचारलं.

"माझ्या पोरीने डोळ्याने पाहिलंय. भिंतीवरून वाकून. एक तेवढं घाईत राहिलं म्हणून दिसलं तरी."

सगळ्यांनी थोरलीकडे पाहिलं. मग शिंपीण हसली. शिंपीण देवळात पुढच्या बाकावर बसायची आणि तिचा शब्द सगळीकडे पुढच्याच बाकावर असायचा. "अगं, काय बोलतेस? घरात दाणा नाही तरी जी देवाला अंडी देते, ती तुझी चोरेल?"

"पोर तापात काहीही बघते," दुसरी म्हणाली.

"तूच तर रविवारी विकत घेतलीस तिच्या हातची. उपकार राहू दे, निदान तोंड तरी आवर."

"वाटणीचा राग अजून जात नाही बाई काहींचा."

धाकटीचे कान लाल झाले. ती धिप्पाड बाई, पण त्या क्षणी लहान दिसली, वर्गात उठवून उभी केलेली. तिने थोरलीकडे पाहिलं. भांडायला नव्हे. खरंच विचारल्यासारखं: सांग ना, पोर खोटं बोलली का?

बोलायला एवढी जागा होती. दार सताड उघडं होतं. थोरलीने ओठ ओले केले. आणि म्हणाली, "जाऊ दे गं. पोर आहे."

बायकांना तेही मोठं वाटलं. शिंपीण म्हणाली, "बघा, याला म्हणतात मन!"

धाकटीने रिकामाच हंडा उचलला आणि ती पाणी न भरता गेली.

*

थोरली भरलेला हंडा डोक्यावर घेऊन घरी आली. वाट रोजचीच, पण मान मोडतेय की काय असं वाटलं. हंडा उतरवला आणि ती गंजीपाशी गेली, तर घंटावाला वैरण काढत होता. तिने कितीतरी दिवसांत गंज नीट पाहिली नव्हती. आज पाहिली. पुढून, वरून, डाव्या बाजूने गंज खाली आली होती; बैल खात होता, शेळी खात होती. फक्त मागचा कोपरा जसाच्या तसा होता, चेहऱ्यावर नाक असावं तसा पुढे आलेला. ती तिथली वैरण काढत नव्हती, कारण तिथे घरटं होतं. पण घंटावाला? तो का काढत नव्हता?

"अहो," ती म्हणाली, "तिकडून का नाही काढत?"

त्याने पेंढी बांधली. "तिकडे अंडं आहे. फुली मारलेलं."

ती पेंढीवरच बसली. "कधीपासून माहीत आहे?"

"झाले बरेच दिवस."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तू बोलशील." त्याने तिच्या तळहाताकडे पाहिलं. फोडातून पाणी येत होतं. त्याने खांद्यावरचं फडकं काढलं, त्याची पट्टी फाडली आणि तिच्या हाताला बांधायला सुरुवात केली. दोर बांधतो तशी, ओबडधोबड गाठ मारून. "मीही खाल्लीच की अंडी. रोज घंटा वाजवायला जातो आणि मनात म्हणतो, आज हिला सांगावं. मग घंटा वाजवतो आणि घरी येतो."

"मी आज विहिरीवर..." ती म्हणाली. रडत रडत तिने सगळं सांगितलं.

"वाईट झालं," शेवटी तो म्हणाला. "चल, मी येतो बरोबर."

"नको. घंटा तुम्ही वाजवा. हे मलाच करायला पाहिजे."

*

धाकटीच्या घरात जायचं तर भिंतीवरून नाही जाता येत. अंगणातून बाहेर पडून रस्त्याने वळसा घालावा लागतो. वाटणी झाल्यापासून थोरली त्या दारात गेली नव्हती. दाराचा रंग बदलला होता, हे तिला त्या शनिवारी सकाळी कळलं. होय, शनिवारच उजाडला होता. मधले दिवस ती रोज पदर खोचून निघत होती आणि रोज काहीतरी काम आठवून परत फिरत होती. माणसाचं पाऊल अशा वेळी बैलापेक्षा हट्टी असतं.

अंगणात धाकटी दगडावर सुरी घासत होती. त्या एका अंड्यानंतर तिच्या खुराड्यात दुसरं अंडं दिसलं नव्हतं. लंगडी टोपलीखाली झाकलेली होती. टोपलीच्या फटीतून तिचा एक डोळा दिसत होता. पोर घरात कान झाकून बसली होती.

"थांब," थोरली म्हणाली.

धाकटीने वर पाहिलं. "आता काय माझ्या घरात येऊन उपदेश?"

"सुरी ठेव खाली. माझ्याबरोबर चल."

"कुठे?"

"गंजीकडे. पाया पडते हवं तर, पण चल."

त्या 'पाया पडते'मुळे असेल, धाकटी उठली. सुरी मात्र हातातच राहिली. दोघी रस्त्याने वळसा घालून आल्या. पुढे थोरली, मागे सुरी घेतलेली धाकटी. समोरचा चांभार टाका अर्धवट सोडून बघत राहिला.

थोरलीने येताना सगळं ठरवलं होतं. सुरुवात अशी करायची: मला आधी कळलंच नाही कोंबडी कुणाची ते. थोडंसं मऊ. पण तिने गंजीचा कोपरा बाजूला केला, आणि घरट्यातलं अंडं वर बघत होतं, अंगावर काळी फुली घेऊन. त्या फुलीपुढे तिला खोटं बोलता येईना. नकळत चोरी करणारा फुली मारत नाही.

"लंगडी अंडी देते," ती म्हणाली. "इथे येऊन देते. भिंतीच्या भोकातून. मी उचलत होते. हे खुणेचं ठेवून. देवळात दिली ती हीच. त्या दुपारी मी चोरायला वाकले नव्हते, ठेवायला वाकले होते. पोर खरं बोलली."

धाकटी गुडघ्यावर बसली. तिने अंडं उचललं, फुलीवर अंगठा फिरवला. अंगठा काळा झाला.

"म्हणजे मी पैसे देऊन..."

"हो."

"आणि तुझ्याकडे बघून 'पोरीला होतील' म्हटलं..."

"हो."

थोरलीला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. धाकटी वैरणीत बसून राहिली. तिच्या केसांत काडी अडकली होती. मग म्हणाली, "अंड्यांचं जाऊ दे. कोंबडीची जात, कुठेही घालते. पण अक्का, विहिरीवर तू गप्प बसलीस. मी त्या दिवशी घरी आले आणि पोरीला मारलं. खोटं बोललीस म्हणून मारलं."

हे थोरलीला ठाऊक नव्हतं. तिने तोंडावर पदर घेतला.

"मी सांगते," ती पदरातूनच म्हणाली. "आजच विहिरीवर सगळ्यांना सांगते."

"विहिरीवर कशाला?" धाकटी उठली आणि तिने कपडे झटकले. "जिथे कौतुक झालं तिथे सांग." आणि सुरी घेऊन गेली. थोड्या वेळाने भिंतीच्या भोकातून लंगडी आली, पिसं फिसकारलेली, रागावलेली, आणि थेट गंजीत जाऊन बसली.

*

रविवारी पाळकसाहेबांनी नेहमीसारखं विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का, देवाने या आठवड्यात काय केलं ते सांगायचं आहे का? थोरली उठली. शिंपीण कौतुकाने सरसावून बसली.

तिने पुढचा बाक धरला. "मागच्या रविवारी मी अंडी दिली," ती म्हणाली. "ती माझी नव्हती. धाकटीच्या कोंबडीची होती. मी रोज चोरत होते. तिने विहिरीवर विचारलं तेव्हा मी गप्प बसले आणि तुम्ही तिलाच बोललात. तिची पोर खरं बोलली होती, तिने मार खाल्ला." मग ती म्हणाली, "देवाने या आठवड्यात मला जेवू दिलं नाही. एवढीच साक्ष आहे."

पत्रा उन्हाने कडकड वाजत होता. पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. शिंपीण छपराकडे बघत होती. दाराशी घंटावाला घंटेचा दोर मुठीत धरून उभा होता, आणि त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूला मागे धाकटी उठली.

"साहेब," ती म्हणाली, "तुम्ही मागच्या रविवारी टंचाईतून दिलं म्हणून कौतुक केलंत ना? मग ते कौतुक यांच्याकडून काढून घ्या आणि माझ्या लंगडीला द्या. दाणा नाही, पाणी नाही, एक पाय नाही, तरी तिनेच दिलं."

आधी एक पोरगी हसली. मग चांभार. मग हसू बाकाबाकांवरून पुढे आलं, शिंपिणीपर्यंत पोचलं, आणि ती तोंडात पदर कोंबून हलू लागली. पाळकसाहेब म्हणाले, "आपण प्रार्थना करू," पण त्यांच्याच आवाजात हसू होतं म्हणून प्रार्थना उशिरा सुरू झाली. थोरली रडत होती की हसत होती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. प्रार्थना सुरू असतानाच तिच्या बाकावर कुणीतरी येऊन टेकलं. हाडाचं कोपर तिच्या बरगडीला लागलं.

"मोठी आई," पोर कानात म्हणाली, "आता पुन्हा लटकून दाखवशील?"

*

पाऊस आला नाही. कांदे सुपारीएवढेच राहिले. थोरलीने धाकटीला आपली एक कोंबडी देऊ केली, धाकटीने ती उलटी-पालटी करून पाहिली आणि म्हणाली, "तुझ्यासारखीच आहे. नुसती दिसायला भरलेली." आणि परत केली. शेळीचं दूध मात्र घेतलं, पोरीसाठी. थोरली ते रोज भिंतीवरून द्यायची, लटकून.

गंज संपत आली, नाकाएवढा कोपरा उरला. थोरलीने ओल्या मातीचा गोळा आणला आणि धाकटीला हाक मारली. या वेळी सासूला नाही, धाकटीला.

"भिंतीचं भोक बुजवते. मग लंगडी तुझ्याच खुराड्यात बसेल. तुला रोज वळसा नको."

धाकटी रस्त्याने वळसा घालून आली. ती आता रोज सकाळी यायची, अंडं न्यायला. तिने आधी भोक पाहिलं, मग थोरलीच्या हातातला गोळा पाहिला. मग ती गंजीत वाकली. फुलीचं जुनं अंडं केव्हाच सडून फेकावं लागलं होतं. घरट्यात आजचं एकच होतं, ऊन-ऊन. ते तिने हातात घेतलं. पदरात टाकलं नाही.

"कोळसा आण," ती म्हणाली.

"कशाला?"

"आण म्हटलं ना, अक्का."

थोरलीने चुलीतून कोळसा आणला. धाकटीने अंड्यावर फुली मारली, थोडी वाकडी, आणि अंडं परत घरट्यात ठेवून वर काडी सारखी केली.

"राहू दे हे," ती म्हणाली. "नाहीतर येणं बंद होईल."

"लंगडीचं?"

"मग आणखी कुणाचं?" धाकटी म्हणाली, आणि पेंढीवर बैठक मारून बसली. "चहा ठेव. आणि तो मातीचा गोळा फेकून दे, हात धू आधी."

चाळणी अजून सासूच्या खाटेखालीच आहे. ती मात्र कुणी मागितली नाही.